सूर्य हाय, पन कोण न्हाई

आमचे घरमालक सूर्यावर चिडायचे. गच्चीवर तिपाई लावून, एक डोळा मिटून कॅमेऱ्यात बघत पुटपुटायचे, "थांब की रं जरा! कुठं आग लागलीय तुला?" एखादा ढग ऐनवेळी आडवा आला की संपलंच. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून खाली उतरायचे, आणि उतरताना चपला इतक्या आपटायच्या की माझ्या खोलीतल्या डब्यांची झाकणं वाजायची.

साताऱ्यात यवतेश्वराच्या डोंगराच्या अगदी पायथ्याला त्यांचं घर होतं. मला सरकारी कार्यालयात नवी नोकरी लागलेली, आणि एकट्या मुलीला खोली द्यायला जो तो आढेवेढे घेत होता. ह्यांनी दारातच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"गाव?"

"शिराळा."

"म्हंजी नागाला भिणार न्हाईस."

"नागाला नाही भीत. पालीला भिते."

"खरं बोललीस. वरची खोली तुझी," म्हणाले, आणि आत निघून गेले. माझं सामान रिक्षात तसंच, किल्ली कुठाय याचा पत्ता नाही.

सगळी गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची. आयुष्य तोफखान्यात गेलेलं. डोंगरावर लपून बसायचं, दुर्बिणीतून बघायचं आणि मागच्या तोफांना निशाणा सांगायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे दोन सवयी हाडात मुरल्या होत्या. एक म्हणजे, जे दिसलं तेच सांगायचं. "न दिसलेलं सांगितलं की आपलीच माणसं मरत्यात," असं ते भाजीवाल्यालाही सुनवायचे, बिचारा कोथिंबीर ताजी आहे एवढंच म्हणालेला असायचा. आणि दुसरी म्हणजे, भेटेल त्याला हुद्दा द्यायचा. दूधवाला लान्स नाईक. नळाला पाणी सोडणारा कायमचा बडतर्फ. डॉक्टर आधी कॅप्टन होते, पण मामी आता चालणार नाहीत असं त्यांनी सांगितल्यावर त्यांना एकदम शिपाई केलं. मी रंगरूट. आणि मामी, म्हणजे त्यांची बायको, सीओ साहेब, पलटणीत सगळ्यांच्या वर.

सीओ साहेब पुढच्या खोलीत खाटेवर होत्या. उजवं अंग गेलेलं. जीभ जड झालेली, पण बोलायच्या, सावकाश आणि नेमकं. एक गोष्ट मात्र त्या मुळीच चालवून घ्यायच्या नाहीत. तिन्हीसांजेला अंथरुणात पडून राहायचं नाही. दिवे लागायच्या वेळेला लक्ष्मी दारात येते, तेव्हा घरात कुणी आडवं दिसता कामा नये, मग ते आजारी असो की काही असो. "मला बशीव," म्हणायच्या. उशांनी भागायचं नाही, त्या एका बाजूला कलंडायच्या. म्हणून सुभेदार खाटेवर चढून त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचे. मामींचं तोंड दाराकडे, ह्यांचं भिंतीकडे. दोघं तशीच बसून राहायची, मी दिवा लावून येईपर्यंत. बोलायची नाहीत फारशी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू फुटलं, आणि मग का कोण जाणे, दिवा लावताना काडी दोनदा विझली.

तर सूर्याचं हे वेड कशापायी, ते सांगते. मामी आटपाडीकडच्या माळावरच्या गावात नांदायला आल्या. सुभेदार नोकरीभर सरहद्दीवर, आणि ह्या तिकडे सासू-सासऱ्यांजवळ. वर्षातून एकदा ते सुट्टीवर यायचे तेव्हा भावकीतल्या बायका सांगायच्या, "तुमची बायकू रोज मावळतीला ओट्यावर बसून सूर्य बघती, एक दिस चुकवत न्हाई." ते ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आपल्या बायकोला मावळता सूर्य आवडतो. निवृत्त झाल्यावर माजी सैनिकांचा दवाखाना, कॅन्टीन आणि जुने सोबती बघून त्यांनी घर बांधलं साताऱ्यात, तेही पश्चिमेला एवढा थोरला डोंगर असलेल्या गल्लीत. आमच्याकडे सूर्य मावळायचाच नाही, भर दुपार सरली की डोंगरामागे गडप व्हायचा. मामी खाटेला खिळल्यावर एकदा सहज म्हणाल्या, "हितं मावळत बी न्हाई नीट." झालं! ह्यांनी दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणला.

मामींना गाडीत घालून माळावर न्यायचाही प्रयत्न झाला होता. कोरेगावच्या पुढे रस्त्याच्या हिसक्यांनी त्यांना धाप लागली, आणि गाडी तिथूनच माघारी फिरवावी लागली. मोबाइलवर दाखवायचं म्हटलं तर तेवढ्याशा काचेत त्यांना काही दिसायचं नाही. म्हणून मोठा, खिडकीएवढा फोटो काढून समोर धरायचा, असा बेत ठरला.

सुभेदारांनी सगळं आपलं आपण शिकून घेतलं. सरावाला ते यवतेश्वरच्या घाटात जायचे, रविवारी मलाही ओढून न्यायचे. एकदा तिथं शहरातली पोरंपोरी गाडी थांबवून मोबाइल उंच धरून उभी होती.

"आरं पोरांनो, सूर्य तिकडं हाय. त्याच्याकडं पाठ करून काय बघताय?"

"सेल्फी काढतोय, काका."

"तुमची तोंडं घरी आरशात दिसत्यात की!"

सूर्य बुडाला, पोरांनी टाळ्या पिटल्या आणि ती निघाली. सुभेदार सरळ गाडीपुढे जाऊन उभे राहिले. "कुठं निघाला? आत्ता तर सुरू हुतंय." पोरं बिचकली. हा म्हातारा वेडा आहे की काय, अशा नजरेनं माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार, कपाळ! मान हलवली आणि थांबा म्हटलं. थोड्या वेळानं ढगांच्या पोटाखालून रंग चढायला लागला. आधी केशरी, मग डाळिंबी, मग सगळ्या डोंगरांच्या कडा जांभळ्या. एका पोरीनं मोबाइल खाली केला आणि नुसती बघत राहिली. सुभेदारांनी तिला जाग्यावर नाईक करून टाकलं. परत येताना मला म्हणाले, "लय घाई करत्यात लोकं. सूर्य गेला म्हंजी संपलं वाटतं त्यांना."

फोटोचे त्यांचे नियम ठरलेले होते. जमीन तिरकी दिसली की तो फोटो बाद. सूर्य मधोमध आला की बाद, "हजेरीला उभा केलाय काय त्याला?" आणि नुसता सूर्य घेतला तर हमखास बाद. पुढं काहीतरी काळं पाहिजे, झाड, बैल, काहीही, तेव्हा कुठं उजेड दिसतो. हे सगळं ते मला जेवताना समजावून सांगायचे आणि माझी भाकरी गार व्हायची.

हात बसल्यावर त्यांनी आटपाडीला फेऱ्या सुरू केल्या. सकाळच्या एसटीनं जायचं, मावळतीला माळावर फोटो काढायचा, मुक्काम गावातच मामींच्या भावाकडे. दिवसभर मामींजवळ शेजारीण बसायची. आणि तिन्हीसांजेला पाठ लावायला रंगरूट. पहिल्या दिवशी मला भीतीच वाटली. मामींचं वजन ते काय, पण पाठीला पाठ लागल्यावर त्यांचा प्रत्येक श्वास मला कळत होता. "वाकू नगंस," त्या म्हणाल्या. "ह्ये ताठ बसत्यात." मी ताठ बसले.

सुभेदार परत आले की फोटो मोठा करून आणायचे आणि खाटेच्या पायथ्याशी धरून उभे राहायचे, साहेबासमोर नकाशा धरावा तसे. पहिल्या फोटोत माळावर पांढरं पांढरं पसरलेलं होतं.

"ह्ये काय?"

"डाळिंबाच्या बागा. जाळी टाकलीय. आता पाणी आलंय तिकडं."

"आमी मैलभरनं हंडा आणत हुतो," मामी म्हणाल्या. मग बराच वेळ फोटोकडे बघून, "सूर्य हाय, पन कोण न्हाई."

सुभेदारांना वाटलं, पुढं काहीतरी काळं पाहिजे, नियमच आहे. पुढच्या वेळेला बाभळ आली. "बाभळ हाय," मामी म्हणाल्या, "पन कोण न्हाई." त्याच्या पुढच्या वेळेला मेंढरांचा कळप, धुळीतून सोन्यासारखा उजेड. काय फोटो होता तो! फोटोवाल्यानं आपणहून दुकानाच्या काचेत लावला. मामींनी बघितला. "मेंढरं हायती. बरी हायती," एवढंच म्हणाल्या. सुभेदारांचा चेहरा इतका पडला की मला मामींचाच राग आला.

पुढच्या फेरीच्या वेळी पाठीला पाठ लावून बसले असताना मी तो राग बोलून दाखवला. "मामी, एवढ्या लांब जातात तुमच्यासाठी. जरा बरं म्हणा की."

त्या म्हणाल्या, "पोरी, मला काय करायचाय सूर्य?"

मी मान वळवायला गेले, पण वळता येईना, त्या कलंडल्या असत्या.

"विट्याकडनं शेवटची एसटी मावळतीला यायची. फाट्याला उतरून माणसं चालत यायची. सूर्य डोळ्यावर. कोण हाय कळायचंच न्हाई, समदी काळीच दिसायची. मी बघत बसायची, ह्ये हायत का. पार बुडूस्तवर बघायची. मग उठून चूल पेटवायची. आज बी न्हाई आले." त्यांचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. "आन आता घरात हायत, तर तिन्हीसांजेला तिकडं जात्यात."

भिंतीवर सुभेदारांची टोपी लटकत होती, तिच्याकडे बघत बसले.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. सुभेदार परतल्यावर गच्चीवर गाठून त्यांना सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. ते आधी ऐकूनच घेईनात. "तुला काय ठावं आमचं!"

"मला काहीच ठाऊक नाही. मामींनी जे सांगितलं ते सांगतेय. जे दिसलं तेच सांगायचं, असं तुम्हीच म्हणता ना?"

त्यांनी तिपाईचे पाय एकेक करून मिटवले. लय वेळ लावला त्या कामाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बडतर्फ," आणि खाली गेले. त्या दिवशी चपला आपटल्या नाहीत.

चारसहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण कॅमेरा खुंटीला गेला, आणि तिन्हीसांजेला ते खाटेवर, पाठीला पाठ. एकदा जिन्यात उभी असताना मला आतलं ऐकू आलं. "मला कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणत होते. "तुमी इचारलं कवा?" मामी म्हणाल्या. मी पाय न वाजवता वर गेले.

हे असं चार महिने तरी टिकावं की नाही? नाही टिकलं. पावसाळ्याच्या अखेरीला मामींना दुसरा झटका आला. जीव वाचला, पण डोक्यातलं सगळं मागंपुढं झालं. मला त्या आपली धाकटी बहीण समजायला लागल्या. गावातली माणसं, विहीर, सासू, सगळं आठवायचं. फक्त सुभेदार ओळखू येईनात.

"ह्यो म्हातारा कोण हाय गं? सारखा घरात का येतोय?" असं मला विचारायच्या आणि डाव्या हाताने डोक्यावरून पदर ओढून घ्यायच्या. परक्या पुरुषासमोर घेतात तसा. सुभेदार चमचा घेऊन आले की तोंड मिटून भिंतीकडे मान वळवायच्या. पाठीला पाठ लावू देणं तर लांबच राहिलं. म्हणून दिवे लागायच्या वेळेला मी खाटेवर बसायची आणि तो माणूस, आपल्या स्वतःच्या घरात, स्वयंपाकघरात दाराआड उभा राहायचा. तिथून दबक्या आवाजात विचारायचा, "बसली का नीट?" मला इतकं भरून यायचं! देवाला मी तेव्हा नको नको ते बोलले आहे.

एका सकाळी बघते तर सुभेदार माळ्यावरून काळी ट्रंक खाली काढतायत, लष्करातली, पांढऱ्या रंगातलं नाव निम्मं उडालेली. शेजारी कॅमेऱ्याची पिशवी.

"आता हे काय?"

"आटपाडीला जातूय."

"ह्या असल्या दिवसांत परत फोटो? आवं सुभेदार, काही वाटतं का? मी रजाबिजा काढणार नाही हं!"

"शेवटचा," ते म्हणाले. ट्रंक खांद्यावर टाकताना त्यांचा तोल गेला, मी धरायला गेले तर हात झटकला. रजा अर्थातच काढली. न काढून सांगते कुणाला?

ते दोन-तीन दिवस तिकडंच राहिले. तिथं काय चाललं होतं ते नंतर कळलं. जुन्या घराच्या ओट्यावर, मामी बसायच्या त्याच जागी, मामींच्या भावाच्या सुनेला बसवून तिच्या हातात कॅमेरा दिला. आणि स्वतः ट्रंक घेऊन फाट्यापर्यंत चालत जायचं आणि सूर्य मागं ठेवून परत यायचं. पहिल्या संध्याकाळी सुनेनं भिंगापुढे बोट धरलं. दुसऱ्या संध्याकाळी ते अजून लांब असतानाच बटण दाबून ती पोराला बघायला घरी पळाली. सगळं गाव कडेला उभं राहून बघत होतं, म्हाताऱ्याचं काय चाललंय म्हणून. तिसऱ्या संध्याकाळी ते परत फाट्याला गेले.

मग फोटो मोठा करायला दुकानात. मी बरोबर होते. फोटोवाला भला माणूस, म्हणाला, "चेहरा पार काळा आलाय सुभेदार. काँप्युटरवर उजळून देतो. असा कुणाला ओळखू येणार?"

"हात लावायचा न्हाई," सुभेदार म्हणाले. "तिला वळखू येतूय का बघायचंय."

मी फोटोकडे बघितलं. खाली सपाट माळ, त्यावर टेकायला आलेला थोरला तांबडा सूर्य, आणि पायवाटेनं समोर येणारा काळा माणूस. खांद्यावर ट्रंक, डोक्यावर टोपी. चेहरा नाही, सुरकुत्या नाहीत, पांढरे केस नाहीत. पंचविशीतला म्हणा, साठीतला म्हणा, काही कळत नव्हतं. तिथंच, दुकानात गिऱ्हाईकं उभी असताना, मला रडू आलं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला मी मामींना बसवलं, आणि त्यांचं तोंड दिसावं म्हणून पाठीला पाठ न लावता बाजूनं खांदा दिला. सुभेदारांनी फोटो खाटेच्या पायथ्याशी आपल्यासमोर धरला, इतका मोठा की ते स्वतः त्याच्यामागं झाकून गेले. नुसती बोटं दिसत होती.

मामी बघत राहिल्या. मग डावा हात उचलला. फोटोपर्यंत पोहोचेना, म्हणून मी त्यांना पुढं झुकवलं. त्यांनी त्या काळ्या माणसावर बोट ठेवलं.

"आले व्हय?"

मीच म्हटलं, "हो मामी. आले."

"मग दारात का उभं केलंस? आत घे की त्यांना. लांबनं आल्यात." आणि गडबडीनं डाव्या हातानं केस नीट करायला लागल्या.

सुभेदारांनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. मागच्या दारानं बाहेर जाऊन घराला वळसा घालून पुढच्या पायरीवर आले. तिथं थोडे थांबले, मी त्यांना धाप लागलेली ऐकली. मग चपला काढून उंबऱ्याच्या आत आले.

"आलो गं."

मामींनी पदर ओढला नाही. त्यांना डोळे भरून बघितलं आणि म्हणाल्या, "लय उशीर केला."

"व्हय," सुभेदार म्हणाले. "एसटी चुकली."

मी खाटेवरून उठले. ते माझ्या जागी बसले, पाठीला पाठ लावून, आणि मामींनी बसू दिलं. दिवा लावायचं त्या दिवशी माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत, "ह्यो म्हातारा कोण?" पण आता सुभेदारांना वाट सापडली होती. दिवसभर परकेपण सोसायचं आणि तिन्हीसांजेला टोपी घालून बाहेर जायचं. मी फोटो दाखवायची, मामी आत घे म्हणायच्या, आणि ते यायचे. "लय उशीर केला," हे रोजचं. सबब मात्र रोज नवी. गाडी पंक्चर झाली. सायबानं रजा दिली न्हाई. वड्याला पाणी आलं हुतं. आयुष्यभर न दिसलेलं एक अक्षर न बोललेला माणूस रोज खोटं बोलत होता, आणि मी त्या सबबींची वाट बघायची.

मामी थंडीत गेल्या. सकाळी गेल्या, कोवळं ऊन खाटेवर आलेलं असताना. त्या वेळेला त्यांच्यासाठी सुभेदार परकेच होते. हे मला अजून सहन होत नाही.

पुढं माझी सांगलीला बदली झाली. निघताना सुभेदारांनी मला नाईक केलं, माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि आत निघून गेले.

परवा कामानिमित्त साताऱ्याला जाणं झालं, तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे गेले. घर झाडून स्वच्छ. खाट तिथंच, चादर ताणून घातलेली. समोरच्या भिंतीला तो फोटो. कॅमेरा कुठाय विचारलं तर ट्रंकेत आहे म्हणाले. मी गच्चीवर जाऊया का म्हटलं, त्यावर, "नगं. आता कुणाला दाखवायचा?" म्हणाले. चहा त्यांनीच केला, साखर विसरले, मी तसाच प्यायले.

उजेड कमी व्हायला लागला तसे ते उठले. टोपी घातली आणि मागच्या दारानं बाहेर गेले. मला वाटलं, दूध आणायला गेले असतील. जरा वेळानं बघते तर पुढच्या पायरीवर उभे. दाराकडे तोंड करून, हात खाली सोडून. आत येत नव्हते, आणि मागंही फिरत नव्हते. रोजच असे उभे राहात असणार, अंधार पडेपर्यंत, आणि मग कधीतरी गुपचूप आत येत असणार. आत घे म्हणणारं कुणी नव्हतं ना.

मी खाटेवर जाऊन बसले, मामी बसायच्या तिथं.

"आलात व्हय?" मी आतून विचारलं. "मग दारात का उभं? लय उशीर केला."

मग पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला.

"एसटी चुकली," सुभेदार म्हणाले.